केवळाबाईंची शाल मारोतरावांच्या खांद्यावर

अन्याय झाला तो केवळाबाईंवर. कधी झाला? गेल्या महाराष्ट्रदिनी, सकाळी. शाळेच्या मैदानावर झेंडावंदन होऊन लोक सतरंजीवर टेकले होते आणि चहाची किटली अजून फाटकातून आत यायची होती, तेव्हा. माइकवरून आवाज आला, "आपल्या गावच्या दत्ताचे प्राण वाचवणारे वीर मारोतराव यांनी सत्कारासाठी पुढं यावं." दत्ताचे प्राण केवळाबाईंनी वाचवले होते. मारोतराव त्यांचे यजमान. दत्ता बुडत होता त्या वेळी मारोतराव ताडकळसच्या बाजारात शेळी बघत होते. त्यांना पोहता येत नव्हतं. विहिरीत वाकून बघितलं तरी त्यांचे पाय कापायचे.

शाल, श्रीफळ, टाळ्या. मी तिसऱ्या ओळीत बसले होते. उठून उभी राहणार तोच केवळामावशींनी माझी ओढणी ओढली. "बस खाली. शाल चांगली दिसायली."

हे एवढं वाचून अंक बाजूला ठेवला तरी चालेल, मुद्दा सांगून झाला आहे. मला पत्रकं लिहायची सवय. कॉलेजात असताना हॉस्टेलच्या पाण्यावर, एसटीच्या पासवर, मुलींच्या स्वच्छतागृहाच्या कडीवर पत्रकं लिहिली. पत्रकात अन्याय पहिल्या ओळीत लागतो, कारण दुसरी ओळ वाचेपर्यंत माणूस त्यात भजी गुंडाळून मोकळा होतो. पण संपादकांनी सांगितलंय, दिवाळी अंक आहे, अनुभव लिहा, घोषणा नको. म्हणून आता जरा बैजवार सांगते.

आमची संस्था बायकांना आणि मुलींना मोकळ्या रानात खेळायला शिकवते. अध्यक्ष केवळामावशी, सचिव मी. पोहणं, झाडावर चढणं, दोराच्या गाठी, उघड्यावर चूल पेटवणं, सायकलचं पंक्चर, आणि हिवाळ्यात चारठाण्याकडच्या डोंगरात दिवसभर चालणं. बस. ह्यापलीकडे आमचा काही छुपा कार्यक्रम नाही. हे लोकांना पटत नाही. नोंदणीचं काम करणारे वकील म्हणाले, "ताई, उद्देशात 'खेळणं' कसं लिहायचं? बायांनी खेळून काय होणार? शिवणकाम लिहू." मी नाही म्हणाले. तरीही त्यांनी माझ्या पाठीमागे 'शिवणकाम इत्यादी' लिहिलंच. तेव्हापासून आम्हाला कुणी देणगी द्यायला आलं की शिलाई मशीनच घेऊन येतं. दोर मागितला तर मशीन, टायरची ट्यूब मागितली तर मशीन.

आणि सगळ्यांचा एकच प्रश्न: ह्याचा उपयोग काय? सुरुवातीला मी उत्तरं द्यायची. आरोग्य, आत्मविश्वास, पोलीस भरती. आता देत नाही. गावातली पोरं चड्डीवर विहिरीत मुटके मारतात तेव्हा काठावर उभं राहून कुणी त्यांना उपयोग विचारलेला मी ऐकला नाही. मजा येते म्हणून मारतात. आमच्या बायकांनाही मजा येते. एवढाच उपयोग.

विहिरीत पोहायला कसं शिकवतात ते शहरातल्या वाचकांसाठी सांगते. पाठीवर तेलाचा रिकामा प्लास्टिकचा डबा घट्ट बांधायचा, कमरेला बैलाचा कासरा, त्याचं टोक पायरीवर उभ्या असलेल्या शिकवणारीच्या हातात. पहिल्या दिवशी पोहायचं नाहीच. पायरीवर बसून तोंड पाण्यात घालायचं आणि बुडबुडे काढायचे. बाया हसून हसून बेजार होतात, आणि हसल्या की भीती निम्मी पळते. कपडे म्हणाल तर साडीला पूर्ण बंदी, ती पायात गुंडाळते. घरातल्या कुणाची तरी जुनी हाफ पँट आणि वर निवडणुकीत फुकट वाटलेला टी-शर्ट. आमच्या विहिरीत सगळे पक्ष एकत्र डुंबतात.

केवळामावशींचं माहेर गोदावरीकाठचं. त्या सूर मारतात तेव्हा पाणी उडत नाही, नुसतं उघडतं आणि मिटतं. हे त्यांना पुरेपूर माहीत आहे. प्रत्येक सुरानंतर वर येऊन त्या आधी काठावर बघतात, कुणी पाहिलं का म्हणून. एकदा एक बाई आपली सून काय धंदे करते ते बघायला आली. सगळा वेळ नाक मुरडून पायरीवर बसली. मावशींनी तिच्या समोरच सूर मारला. बाई बराच वेळ पाण्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "डबा रिकामा हाय का एखादा?" आज सून येत नाही, तिला गुडघ्याचा त्रास आहे. सासू नेमानं येते.

आता विहीर. विहीर बापूरावांची. गावातले वजनदार गृहस्थ, सगळे त्यांना तात्या म्हणतात, ग्रामपंचायतीत त्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नाही. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं होतं, मावशींनी खोडायला लावलं. जवळून कालवा जातो म्हणून उन्हाळ्यातही विहिरीला पाणी. दगडी पायऱ्या आहेत, कठडा मात्र नाही. बापूरावांनी विहीर दिली ती बायकोनं दोन दिवस अबोला धरल्यावर, पण दिली.

विहिरीवर आमचा एक रिवाज होता. काठाला बाभूळ आहे, तिच्या फांदीवर सरूआजीचं जुनं हिरवं इरकली लुगडं टांगायचं. सरूआजी म्हणजे आमची राखणदार. पाण्यात उतरत नाही, काठी घेऊन वाटेवर बसते. लुगडं वर असलं की बाया पाण्यात आहेत, पुरुषानं धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, अलीकडं यायचं नाही. लुगडं खाली आलं की विहीर मोकळी. आणि सांगायला हवं, गाव हा रिवाज काटेकोर पाळायचं. मोटार चालू करायला आलेले गडीसुद्धा धुऱ्यापलीकडं विडी ओढत बसायचे. मला त्याचं कौतुक वाटायचं. ह्याच सभ्यतेनं पुढं आमचा गळा धरला.

महाराष्ट्रदिनाच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. लाइट आली. शेतीची लाइट कधी येईल आणि कधी जाईल ह्याचा भरवसा नाही, म्हणून आली की आधी मोटारीकडं पळायचं. बापूरावांनी पुतण्याला, दत्ताला पाठवलं. स्टार्टरची पेटी विहिरीच्या काठालाच. लुगडं वर. दत्ता धुऱ्यावर येऊन थांबला. साधा पोरगा, नुकतीच सोयरीक जमलेली.

"आजी, बाया बाहेर निघायला किती टाइम लागल?"

"आत्ताच उतरल्यात."

"तात्या बोंबलायलेत. भुईमूग वाळायलाय."

सरूआजीनं विचार केला. तिनं असा विचार करायला नको होता. "मंग असं कर दत्त्या. डोळ्याला दस्ती बांध, तोंड तिकडं कर, आन पाठीमागं पाठीमागं ये. मी सांगते वाट."

डोळ्यांवर रुमाल बांधल्यावर तोंड फिरवायची काय गरज होती? पण मर्यादा म्हणजे मर्यादा. दत्ता डोळे बांधून उलट्या पावलांनी विहिरीकडं निघाला. मी पायरीवर कासरा धरून होते, मला वरून फक्त आजीचा आवाज येत होता.

"सरळ ये. सरळ. आता जरा उजव्या अंगाला."

कुणाच्या उजव्या, हे विचारायचं त्याला सुचलं नाही आणि सांगायचं तिला.

बुडणाऱ्या माणसाबद्दल आम्ही पहिल्याच आठवड्यात शिकवतो: त्याच्यासमोर जायचं नाही. तो हातात येईल त्याला मिठी मारतो आणि दोघं तळाला जातात. लांबून काहीतरी फेकायचं, नाहीतर पाठीमागून जायचं. दत्ता पडला आणि सगळ्या बाया किंचाळल्या. मावशी किंचाळल्या नाहीत. "पायऱ्यांवर व्हा सगळ्या. कोणीबी त्याच्याजवळ जाऊ नका. आजी, लुगडं टाक!"

आजीनं बाभळीवरून लुगडं ओढलं आणि एक टोक खाली सोडलं. मावशी दत्ताच्या पाठीमागून गेल्या, हनुवटीखाली हात घालून त्याचं तोंड पाण्यावर धरलं, लुगड्याचं टोक त्याच्या काखेतून फिरवलं. आम्ही पायऱ्यांवरून ओढलं. तो पायरीवर आला, पाणी ओकला. रुमाल अजून डोळ्यांवरच होता. पहिलं वाक्य बोलला ते असं: "आजी, मी काहीच पाहिलं न्हाई."

पण लुगडं खाली आलं होतं ना. म्हणजे विहीर मोकळी. शेजारच्या शेतांतले गडी किंचाळणं ऐकून धुऱ्यावर आलेच होते. लुगडं उतरलेलं दिसल्यावर काठापर्यंत पळत आले. त्यांनी सगळं पाहिलं. मावशींचा हात दत्ताच्या हनुवटीखाली असतानाच पाहिलं. आम्ही ओल्या कपड्यांत लुगडं ओढतानाही पाहिलं. आणि आमच्याकडं लक्ष गेल्याबरोबर सगळे एकदम पाठ करून उभे राहिले.

त्यानंतर महाराष्ट्रदिन. शाल. ते सांगून झालं.

दुसऱ्या दिवशी बापूरावांचा निरोप: विहिरीवर अपघात झाला, बायांच्या वर्गामुळं झाला, वर्ग बंद. सुट्ट्या नुकत्या लागत होत्या. वर्षभर वाट बघून मुली त्या एका महिन्यात शिकतात. जून लागला की शाळा, पेरणी, आणि मोठ्या मुलींची लग्नं. ज्या मुलीचा डबा ह्या उन्हाळ्यात सुटायचा, म्हणजे डब्याशिवाय पोहणं जमायचं, तिचा पुढच्या उन्हाळ्यात सुटेल असं नसतं. पुढच्या उन्हाळ्यात ती कुठल्या गावात असेल हेच माहीत नसतं.

मी बापूरावांकडं गेले. त्यांनी चहा दिला, चांगला दिला. म्हणाले, "म्याडम, माहा काय राग न्हाई तुमच्यावर. पण पोराचं लग्न ठरलंय. व्याही इचारतील, बायांनी काढलं का म्हणून. मंग काय सांगावं?"

"खरं सांगावं."

"खरं हेच हाय की तो वाचला. कुणी वाचवलं हे गावानं ठरवलंय."

मी पत्रक लिहिलं. जळजळीत होतं. मावशींनी वाचायला सांगितलं, ऐकलं, आणि म्हणाल्या, "लय चांगलं हाय. खाली साक्षीदारायची नावं घाल." म्हणून मी साक्षीदार गोळा करायला निघाले. काठावर आलेल्यांत एक शेजारचे शेतकरी होते, बोलायला मोकळे, आम्हाला कधी कधी काकड्या द्यायचे. त्यांना गाठलं.

"काका, त्या दिवशी काय झालं ते सांगा."

काका रंगात आले. "अवो काय सांगावं म्याडम. त्या केवळाबाईनं असा डावा हात त्याच्या हनवटीखाली घातला, आन उजव्यानं लुगडं फिरवलं काखंतून. गडी पाय झाडायलाय, पर बाईनं सोडलं न्हाई. असली हिंमत मी तर बाप्यात न्हाई पाहिली."

"हेच लिहिते. तुम्ही पाहिलंत."

काका थांबले. "म्या? न्हाई बा. म्या तर पाठ करून उभा होतो."

"मग डावा हात कुठला ते कसं कळलं?"

"आवाजावरनं."

दुसऱ्याकडं गेले, तिसऱ्याकडं गेले. सगळ्यांना सगळं पाठ होतं, आणि पाहिलं कुणीच नव्हतं. मला उशिरा उमगलं. पाहिलं म्हणायचं तर बायांना ओल्या कपड्यांत पाहिलं असंही म्हणावं लागतं. सभ्य माणूस ते कसं म्हणणार? मारोतरावांनी वाचवलं म्हटलं की सगळे सभ्य राहतात. दत्ता राहतो, काका राहतात, व्याही राहतात. एकट्या केवळामावशी उरतात, आणि त्यांना त्या दिवशी कुणी पाहिलंच नव्हतं. दत्तालाही मी विचारलं. तो जमिनीकडं बघत म्हणाला, "ताई, मला शुद्धच नव्हती." पायरीवर पडल्या पडल्या त्यानं स्टार्टरला, लाइटला आणि चुलत्याला ज्या शिव्या दिल्या त्या बेशुद्ध माणसाला जमणाऱ्या नव्हत्या.

पत्रक तसंच राहिलं. पण गावानं मारोतरावांना वीर ठरवलं होतं, आणि वीराला कामं लागतात. पेडगावकडून दोघं मोटारसायकलवर आले: विहिरीत पंपाचा पाइप सुटलाय, बुडी मारून दोर बांधून द्या. मारोतराव म्हणाले, कान ठणकायलाय. पुढं एकाची बादली पडली. त्यांना सर्दी झाली. मग खुद्द बापूरावांच्या भावकीतल्या कुणाचा मोबाइल विहिरीत पडला. मोबाइल आता कशाला काढायचा हे कुणी विचारलं नाही. मारोतरावांनी उपास धरला, उपासाला पाण्यात उतरत नाहीत म्हणाले. लोक कुजबुजायला लागले. वीर खोटा निघाला तर वाचवलं कुणी, हा प्रश्न परत उभा राहणार होता, आणि तो कुणालाच नको होता.

एका दुपारी मी मावशींच्या ओसरीवर बसले होते. मारोतराव जेवून उठले, हात धुतले, आणि भिंतीकडं बघत म्हणाले, "ऐकलं का. मला शिकीव."

मावशी भाकरीचा पाट उचलत होत्या. "काय?"

"पव्हायला."

"बाप्यायला आमच्या संस्थेत घेत न्हाईत. सचिवबाई इथंच बसल्यात, इचारा."

मारोतरावांनी माझ्याकडं पाहिलं. मी सचिवासारखं तोंड केलं.

"आन घेतलं तरी," मावशी म्हणाल्या, "विहीर कुठं हाय? तुमच्या सत्काराच्या दुसऱ्या दिवशी कुलूप लागलं तिला."

मारोतराव खुंटीकडं वळले. टोपी घातली आणि बाहेर पडले. त्या माणसाला शाल नको होती, हे मी इथं लिहून ठेवते. नाव पुकारलं तेव्हा ते मावशींकडं बघूनच उठले होते. पण गावानं दिलेलं परत करायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते बापूरावांकडं गेले आणि म्हणाले, "तात्या, सराव पाहिजे. सराव नसला की अंगातलं पव्हणं जातंय."

बापूराव म्हणाले, "मारोतराव, तुमच्यासाठी विहीर कधीबी खुली."

दुसऱ्या दिवशी मारोतराव सरावाला गेले. त्यांची भाकरी घेऊन मावशी गेल्या. भाकरीबरोबर कोरड्यास घेऊन एक, पाणी घेऊन एक, दोर घेऊन मी, अशा करत सगळ्या बाया गेल्या. लुगडं बाभळीवर चढलं. आणि पाठीवर तेलाचा डबा, कमरेला कासरा बांधलेला वीर पायरीवर बसून बुडबुडे काढू लागला.

"पायरी सोडा," मावशी म्हणाल्या.

"धरलं हाय ना तू?"

"धरलंय."

"घट्ट?"

"शेळी बघायला गेलता तवा मी इचारलं का, घट्ट धरली का म्हणून? सोडा."

वरून सरूआजी ओरडली, "मारोत्या, थंडी वाजली तर शाल हाय बरं का." शाल खरंच तिथं होती. मावशींनी आणली होती. पाण्यातून निघालेल्या पोरी कुडकुडत तीच पांघरून बसतात. गावानं दिलेल्या सत्काराचा एवढा चांगला उपयोग मी दुसरा पाहिला नाही.

महिना संपता संपता मारोतराव ह्या काठावरून त्या काठाला जायला लागले. हात कुत्र्यासारखे मारतात, पण जातात. मुलींचेही डबे सुटले. बापूरावांनी हौसेनं मोटारीचं पाणी पडतं त्या सिमेंटच्या नळीवर रंगवून घेतलं: 'मारोतराव जलतरण केंद्र'. गाव खूश आहे. दत्ताचं लग्न झालं. मारोतरावांनी एक बादलीही काढून दिली. मावशींना मी म्हणाले, हे चालणार नाही, आपली संस्था, आपलं काम, आणि नाव ह्यांचं? मावशी म्हणाल्या, "पाणी मिळालं ना?"

मिळालं. पण मी अडून बसले आहे, आणि त्याला कारण आहे. गणपतीत बापूराव भेटले तेव्हा म्हणाले, "मारोतराव आता झाले तयार. पुढल्या उन्हाळ्यात सरावाची काय गरज न्हाई." हसून म्हणाले. म्हणजे कुलूप. ज्या दाराला मारोतरावांचं नाव आहे ते मारोतरावांच्या गरजेपुरतंच उघडतं. पुढच्या उन्हाळ्यासाठी पंधरावीस मुली आत्तापासून डबे धुऊन ठेवून बसल्यात. त्यांना सराव नको आहे, त्यांना पोहायचं आहे. त्यांच्यासाठी विहीर उघडायची तर ती कुणाच्या हिमतीवर उघडावी हे गावाला ठाऊक असायला हवं, आणि ते ठाऊक आहेच. फक्त कुणी बोलत नाही.

तेव्हा मागणी. त्या दिवशी काठावर आलेल्यांपैकी हा अंक कुणाच्या हातात असेल, आणि काकांच्या घरी दरवर्षी दिवाळी अंक येतो हे मला माहीत आहे, तर तुम्ही पाहिलंत. डावा हात, उजवा हात, सगळं पाहिलंत. येत्या सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर, चहा यायच्या आत उभं राहा आणि म्हणा, "केवळाबाईंनी काढलं. मी पाहिलं." मारोतराव विरोध करणार नाहीत, हा शब्द मी त्यांच्याकडून घेतला आहे.

आणि तुम्ही त्या गावचे नसाल, तर तुमच्याही गावात अशी एक बाई आहे, आणि तिनं काय केलं ते तुम्ही पाहिलेलं आहे. सव्वीस जानेवारी तुमच्याकडंही येते. तिचं नाव माइकवर घ्या, तिच्या नवऱ्याचं नको. तुमच्या शेतात पायऱ्यांची विहीर असेल तर तिच्या काठाच्या झाडाची एक फांदी आम्हाला द्या, लुगडं आम्ही आणू.

पाठ करून पुष्कळ उभे राहिलात. आता वळा.